खाणीच्या काठावरची हाक

"सायबांचं नाव काय, बाई?" रखवालदाराने तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी तिसऱ्यांदा खाली जमिनीकडे पाहिलं.

"सांगा की. म्या बी हाक मारतो. माजा आवाज लई लांब जातो."

मी पायाशी पडलेली एक काटकी उचलली, मातीत नाव लिहिलं आणि बाजूला सरले. तो वाकला, अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्या अंगठेबहाद्दर हाय," तो म्हणाला. "तुमीच वाचा."

हे वाचून कोणाला हसू आलं तर येऊ दे. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, बी.ए. झालेली होते, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून दिवसभर परक्या पुरुषांची नावं घेत होते. नाशिकचे पाटणकर, सोलापूरचे कोटणीस, कोणाकोणाला म्हणून मी नावाने हाका मारल्या असतील! पण लग्नाला सतरा वर्षं होऊनही नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर एकदाही उच्चारलेलं नव्हतं. रेशनच्या खिडकीशी कोणी विचारलं तर कार्ड पुढे सरकवत असे. आरतीत ते नाव आलं की ओठ मिटून घेत असे, कारण नाव रामाचंच होतं.

याला कारण माझी थोरली मावशी. त्यांच्या गावच्या जत्रेत एक बैल उधळला आणि काका नेमके त्याच्या वाटेत उभे. मावशी सगळ्या गावादेखत काकांच्या नावाने ओरडली. काका बाजूला झाले, बैल निघून गेला. आणि पुढच्या अमावास्येच्या आत काका साध्या तापाने गेले. मी नऊ वर्षांची होते. भेटायला आलेल्या बायका ओसरीवर बसून म्हणत होत्या, नवऱ्याचं नाव घेतलं की तेवढं त्याचं आयुष्य तुटतं, हिने तर ओरडून घेतलं. त्या म्हणाल्या याचं मला फारसं काही वाटलं नसतं. पण कोपऱ्यात बसलेल्या मावशीने होकाराची मान हलवली. ती मान मी कधी विसरले नाही.

आमच्या ह्यांना हे सगळं ठाऊक होतं. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली," असं ते म्हणायचे. हायस्कुलात भूगोल शिकवायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची खोड. "एकदा नाव घेऊन तर बघ. मेलो तर तुझं खरं." असली थट्टा केली की मी दोन दिवस बोलत नसे. तिसऱ्या दिवशी ते आपणहून माझ्यासाठी चहा टाकायचे. पुढे पुढे त्यांनी थट्टा सोडून दिली.

तर त्या रविवारी टेकडीवर जायची कल्पना माझीच. शहराच्या अगदी पोटात असलेली ती टेकडी. वनखात्याने कुंपण घातलं, वाटा आखल्या, झाडांना पाट्या लावल्या आणि वनउद्यान केलं. पुढच्या अंगाला फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. मागच्या अंगाला मात्र नुसतं रान, घाणेरीची जाळी आणि एक जुनी दगडाची खाण. मला क्वचित रविवारची सुट्टी मिळे. मुलगी मामाकडे गेलेली. मी म्हटलं, आज नाश्ता घरी नको, डबा घेऊन वर पाण्याच्या टाकीपाशी बसू, तिथे खाऊ.

ह्यांना मधुमेह. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, हा आमच्या घरचा नेम. त्या दिवशी त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि आम्ही निघालो. वीस मिनिटांत टाकी येते, मग खाऊच, असा माझा हिशेब. डबा माझ्या पिशवीत. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दही.

अर्ध्या वाटेवर ह्यांना धनेश दिसला. हा लांब चोचीचा राखाडी पक्षी आमच्या टेकडीवर असतो, असं ते गेली तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. "तू हो पुढे टाकीपाशी. मी आलोच," असं म्हणाले आणि गळ्यातली दुर्बीण सावरत झाडीत शिरले.

"अहो, आधी खाऊन घ्या."

"पाच मिनिटं!"

मी टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. डबा उघडला, दोन वाट्यांत दही काढलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दह्यावर एक मुंगळा चढला, तो मी काढून टाकला. पंधरा मिनिटं झाल्यावर मला आठवलं की त्यांच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला ती पुडी मीच त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवत असे. आणि मग आठवलं की आज मी त्यांना इस्त्रीचा नवा शर्ट काढून दिला होता. पुडी जुन्या शर्टात होती. तो शर्ट मी सकाळीच बादलीत भिजत घातला होता.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकामागून एक डोक्यात यायला लागलं. आधी घाम सुटतो, हात थरथरतात. मग माणूस प्यायल्यासारखा भलतंच बोलतो, भलतीकडे चालत सुटतो, आपलं माणूस ओळखत नाही. तेव्हाही कोणी काही दिलं नाही तर आडवा होतो. आणि मग उठेल याची खात्री नाही.

मी डबा तसाच टाकून उठले. ते ज्या झाडीत शिरले होते तिथून आत गेले आणि ओरडले, "अहो! अहो!"

"ओ!" डावीकडून, खालच्या अंगाने स्पष्ट उत्तर आलं.

देवा, तुझे उपकार, असं म्हणत मी धावले. घाणेरीच्या काट्यात पदर अडकला तो ओढून फाडला, दोनदा घसरले. खाली गेले तर एक जाड गृहस्थ सतरंजीवर बसून चिक्की खात होते. त्यांची बायको आणि दोन मुली माझ्याकडे बघत होत्या.

"मला वाटलं ही हाक मारतेय," ते गृहस्थ बायकोकडे बोट दाखवून म्हणाले.

त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. दुर्बिणीवाले? नाही बुवा. मी पुन्हा वर आले. त्यात दहा मिनिटं गेली. वर आले तेव्हा छातीत श्वास मावत नव्हता, आणि पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं तर कळेना की काय मारायची. जगात ज्याला बायको आहे तो प्रत्येक पुरुष 'अहो'च होता.

तेवढ्यात तो रखवालदार भेटला. शिरसाट त्याचं नाव, नगरकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर कुऱ्हाड आणि कमरेला कापडी पिशवी. मी त्याला इंजेक्शनचं, पुडीचं, सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. मातीतलं नाव वाचता येत नाही म्हटल्यावर तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला उमगलं. त्याची बायकोही तसलीच असणार.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मास्तर म्हनतो मी. चला. खानीकडं तर न्हाई गेले?"

"खाणीकडे?"

"धनेस तिकडंच बसतो, वडाव."

तो पुढे आणि मी मागे. तो "ओ मास्तर! ओ मास्तर!" असं ओरडत होता आणि खरंच त्याचा आवाज लांब जात होता. उत्तर येत नव्हतं. वाटेत एका दगडापाशी ह्यांचा एक बूट पडला होता. नाडी सुटलेली नव्हती. बांधलेल्या नाडीचा बूट पायातून ओढून काढलेला होता. तो मी उचलला आणि छातीशी धरला. शिरसाटच्या चालण्याचं पळणं झालं.

झाडी संपली आणि आम्ही एकदम उघड्यावर आलो. समोर खाण. घोड्याच्या नालेसारखी वळलेली, तीन मजले खोल, तळाला हिरवं पाणी. आम्ही नालेच्या एका टोकाशी होतो. आणि समोरच्या टोकाशी, अगदी काठावर, एका पायात बूट घातलेले हे उभे होते.

मधे फक्त हवा होती. सरळ गेलं तर पन्नास पावलं, पण काठाने वळसा घालून जायचं म्हणजे दोनशे. त्यांचा नवा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. दुर्बीण गळ्यात उलटी लोंबत होती. ते हातवारे करून काहीतरी बोलत होते. वाऱ्याबरोबर एक-दोन शब्द आले: "...पान उघडा... मागच्या बाकावर कोण बोलतंय..."

ते वर्गात होते. आणि वर्गात फिरत शिकवायची त्यांना सवय होती.

"हलू नगा हितनं," शिरसाट दबक्या आवाजात म्हणाला. "म्या पलीकडनं जातो. तुमी बोलत ऱ्हावा त्येंच्याशी. थांबवून धरा." आणि कुऱ्हाड खाली टाकून तो पळत सुटला.

"अहो!" मी ओरडले. "अहो, मी इकडे आहे! अहो, बघा ना!"

त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. काठाकाठाने दोन पावलं टाकली, वळले, पुन्हा दोन पावलं. एकदा बुटाचा पाय काठावरच्या खडीवर घसरला. खडे खाली पडले. ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला तेवढ्यात मला मावशी आठवली. मला अजून एक मार्ग सुचला, आणि तो सुचल्याचं आजही मला हसू येत नाही. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. उखाण्यातल्या नावाने कोणाचं आयुष्य तुटल्याचं कोणी सांगितलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत घास भरवताना घेतलेला उखाणा मी त्या खाणीच्या काठावर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडले:

"तांब्याच्या घागरीवर पितळेचा गडू! रघुनाथरावांना भरवते बुंदीचा लाडू!"

"लाडू... लाडू..." खाण म्हणाली.

ते थांबले. तोंडावर एक ओळखीचं हसू आल्यासारखं मला वाटलं. पण ते क्षणभरच. "शांतता!" असं म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले. या खेपेला वळलेच नाहीत, तिरके काठाकडे यायला लागले. शिरसाट अजून निम्म्या वाटेवरही पोचला नव्हता.

मी डोळे मिटले, आणि सतरा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं नाव सोडलं.

"रघुनाथ!"

"नाथ... नाथ..." खालून, पाण्याकडून आवाज आला. डोळे उघडले तर ते थांबलेले होते. पण माझ्याकडे नाही, खाली खाणीत पाहत होते. हाक खालून आली असं त्यांना वाटलं होतं. कोण बोलावतंय ते बघायला ते कमरेतून वाकले.

त्या क्षणाइतकं भय मला आयुष्यात कधी वाटलं नाही, मुलीच्या जन्माच्या वेळी नाही, काही वर्षांनी माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. बायका खरंच बोलत होत्या. मावशीने उगाच मान हलवली नव्हती. मी नाव घेतलं आणि नाव त्यांना खाली ओढत होतं.

आता मागे फिरायला जागा नव्हती. पुन्हा 'अहो' म्हणून काही उपयोग नव्हता. मुलगी लहानपणी गच्चीच्या कठड्यावर चढली होती तेव्हा माझ्या तोंडून जसा आवाज निघाला होता तसाच निघाला. मान नाही, आदर नाही, काही नाही.

"रघू! ए रघू! मागे हो! खाली बस! रघू, बस खाली म्हणते ना! बस! रघू, बस! रघू!"

आणि ते बसले. जिथे होते तिथेच, दोन्ही पाय पुढे पसरून, लहान मुलासारखे. बुटाचा पाय काठाच्या बाहेर लोंबत होता.

"ओ," ते म्हणाले. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"बसून राहा! हलू नकोस, रघू!"

शिरसाटने मागून येऊन त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढत ओढत हिवराच्या झाडाखाली नेलं. मग मी धावले. ती दोनशे पावलं मी कशी गेले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा शिरसाटने कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात घातला होता. गूळ-शेंगदाणे हा त्याचा दुपारचा फराळ. दात घट्ट मिटायला लागले की तो गालावर चापट मारत होता आणि "चगळा मास्तर, चगळा" म्हणत होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरा खडा मी बोटाने चुरून आत घातला. ते माझं बोट चावले.

मी सारखं काहीतरी पुटपुटत होते. काय ते मला तेव्हा कळत नव्हतं. नंतर आठवलं. "माझं घे, यांचं नको. माझं घे, यांचं नको," असं मी म्हणत होते. सात वेळा नाव घेतलं होतं मी, उखाण्यातलं सोडून. सात.

दहा-बारा मिनिटांनी त्यांची नजर जाग्यावर आली. आधी झाडाकडे, मग शिरसाटकडे, मग माझ्याकडे.

"बूट कुठे गेला माझा?" त्यांनी विचारलं.

मी तो त्यांच्या हातात दिला. माझे ओठ अजून तेच पुटपुटत होते. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"लई वाचला मास्तर," शिरसाट म्हणाला. "ह्या बाईनीच तर तुमाला..."

"आईनं हाक मारली मला," हे एकदम म्हणाले.

शिरसाट थांबला.

"'रघू' म्हणाली. 'खाली बस' म्हणाली. आईच होती." ते मोठ्याने, वर्गात सांगावं तसं ठासून सांगत होते. "तिच्यामुळे वाचलो."

"आवो मास्तर, तुमची आई हितं कुटं..."

मी त्यांच्या डोक्यावरून शिरसाटला हात जोडले. तो माझ्याकडे बघून मातीतल्या त्या अक्षरांचा विचार करत असावा. त्याने डोकं खाजवलं.

"आसंल," तो म्हणाला. "टेकडीव काय बी ऐकू येतं."

माझ्या सासूबाईंना मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या लग्नाआधी चार वर्षं त्या गेल्या. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. साखर उतरलेली असताना ह्यांना भास झाला आणि माझं पाप त्यांच्या आईच्या नावावर गेलं. ह्यांना कळलं नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळलं असणार, ही भीती मात्र माझ्याबरोबर घरी आली.

पुढची अठरा वर्षं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. मावशीला महिना मिळाला होता, त्यामुळे पहिला महिना मी कामावर रजा टाकली. कारण सांगितलं, पाठ दुखते. महिना टळला तरी मन मानेना. एका नावाला किती, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ह्यांना साधा खोकला झाला तरी मी देव पाण्यात घालून बसायची. स्कूटरवरून घसरले, पायाला टाके पडले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनात म्हटलं, हे एक. मी सोमवार धरले. पहाटे जाग आली की त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघत असे.

आणि ते? ते सगळ्यांना गोष्ट सांगत. सासूबाईंच्या श्राद्धाला गुरुजी जेवायला बसले की हटकून निघायची. "मेलेली आई मुलाला विसरत नाही, गुरुजी. 'रघू' म्हणून अशी हाक मारली!" शाळेतले मास्तर आले की त्यांनाही. मी वाढता वाढता पानाकडे बघत राहायची. एकदा तर म्हणाले, "आमच्या हिलासुद्धा ऐकू आली असती, पण ही लांब होती." त्यांची धाकटी बहीण शरयू बडोद्याची, ती चार वर्षांतून एकदा यायची. ती घरात असली की मात्र गोष्ट निघत नसे. आईचा विषय काढला की शरयू रडते, असं ते सांगत.

गेल्या दिवाळीत शरयूवन्सं भाऊबीजेला आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो. हे गॅलरीत पेपर वाचत होते. बोलता बोलता सासूबाईंचा विषय निघाला. वन्सं काही रडल्याबिडल्या नाहीत, उलट हसत हसत आठवणी सांगत होत्या. म्हणून मी धीर केला आणि टेकडीची गोष्ट सांगितली, ह्यांची पद्धत होती तशीच.

"काय म्हणून हाक मारली?" वन्संनी विचारलं.

"रघू म्हणून."

"छे हो वहिनी! भलतंच काय!" त्यांनी सुरी खाली ठेवली. "आई आणि रघू? अहो, आमच्या आजोबांचं नाव रघुनाथ."

"आजोबांचं? तात्यासाहेबांचं?" दिवाणखान्यातल्या फोटोखाली तेवढंच लिहिलं होतं. घरातही सगळे तात्यासाहेबच म्हणत.

"त्यांचंच नाव दादाला ठेवलं ना. मग सासऱ्याचं नाव आई तोंडाने घेणार कसं? जन्मभर तिनं त्याला 'बाबू' म्हटलं. बाकी सगळे 'दादा'. शाळेत नाव घालायला गेली तेव्हा शेजारच्या काकूंना बरोबर नेलं होतं तिनं, नाव सांगायला. मरतानासुद्धा 'बाबू'च म्हणाली. रघू म्हणणारं आमच्या घरात कोणी नव्हतंच." त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. "दादाला भास झाला असेल. पण भासातसुद्धा आई तसं म्हणायची नाही."

गॅसवर चहा उकळत होता. मी तो बंद केला, कपात गाळला, आणि कप तिथेच ठेवून गॅलरीत गेले.

हे पेपरात डोकं घालून बसले होते. आता पासष्ट वर्षांचे, डोक्यावर केस म्हणायला नाहीत. मी कठड्याला टेकून उभी राहिले.

"तुमची आई तुम्हाला काय म्हणायची?"

पेपर हलला नाही. पण पान वाचणाऱ्याचे डोळे जसे फिरतात तसे त्यांचे फिरत नव्हते.

"शरयूनं सांगितलं वाटतं," ते म्हणाले.

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी मला तुझाच आवाज ऐकू आला होता. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आवाज तुझा आहे एवढं कळत होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलंस आणि वर दम भरलास. बसलो झालं." त्यांनी पेपराची घडी घातली. "शुद्धीवर आलो तर तू 'माझं घे, यांचं नको' म्हणून मलाच हलवत होतीस. तो रखवालदार आता सगळं बोलणार असं दिसलं. म्हटलं, आईच्या नावावर घालावं. ती तर गेलेलीच होती. तिचं काय बिघडणार होतं?"

अठरा वर्षं तीच ती गोष्ट, दर श्राद्धाला, दर पाहुण्याला. मला वाटायचं, यांना गोष्ट सांगायची हौस. ते दर वेळी ती माझ्या कानावर पडावी म्हणून सांगत होते.

"तरीसुद्धा तू रोज पहाटे माझ्या नाकाशी बोट धरायचीस," ते म्हणाले.

"तुम्ही जागे असायचात?"

"गुदगुल्या व्हायच्या. श्वास जरा मोठ्यानं सोडत असे, तुला नीट लागावा म्हणून."

मी पदर तोंडाला लावला. त्यांनी मला रडू दिलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा ती जुनी थट्टा त्यांच्या डोळ्यांत आली.

"आता एकदा म्हण की. कोणी ऐकत नाही. रघू म्हण."

"नाही."

"अगं, सात वेळा म्हणालीस. झोपेत मोजत असायचीस. अठरा वर्षं जगलो ना मी?"

"म्हणूनच," मी म्हटलं. डोळे पुसले आणि दाराकडे वळले. "अहो, चला आता. चहा निवतोय."

"ओ," ते म्हणाले, आणि उठले.